तुम्ही विचारलंत म्हणून: ‘कोंस्त्रुसाँव’

“पोर्तुगीज येत नाही, मग ब्राझीलच्या त्या गायकाची, शिकू बुआर्कीची, १९७१ची एलपी एवढी कशाला ऐकता?” माझ्या गाडीत बसणारा प्रत्येक जण हे विचारतो. चाल आवडते, असं आजवर सांगत आलो. ते खरं नव्हे.

तिच्यातलं ‘कोंस्त्रुसाँव’, म्हणजे ‘बांधकाम’, मला अर्थासकट पाठ आहे. एक मजूर बायकोमुलांचा निरोप घेतो, इमारतीवर चढतो, भिंती रचतो, खाली पडतो आणि रस्त्यात मरून वाहतूक अडवतो. हीच हकिगत तीनदा येते, ओळींच्या शेवटचे शब्द तेवढे बदलतात. भक्कम भिंती जादूच्या होतात, मग लिबलिबीत. आधी तो वाहतुकीला अडथळा, मग लोकांना, शेवटी शनिवारला. शेवटच्या प्रत्येक शब्दात जोर मागून तिसऱ्या अक्षरावर, त्यामुळे ओळ पायरी चुकल्यासारखी संपते. तिकडे ब्राझीलमध्ये लष्करी राजवट ‘आर्थिक चमत्कारा’चे ढोल बडवत होती, आणि इटलीहून १९७०मध्ये परतलेल्या या माणसानं चमत्कार बांधणाऱ्याचं प्रेत मधोमध आणून ठेवलं.

मी साइट इंजिनिअर होतो. सातव्या मजल्याचा स्लॅब चालू होता. परांचीवरून एक मजूर पडला, नेमका गेटच्या वाटेवर. मी पहिला फोन काँक्रीटच्या प्लँटला केला. “पुढच्या गाड्या थांबवा, रस्ता अडलाय.”

हेच शब्द. रस्ता अडलाय.

रुग्णवाहिकेला फोरमननं बोलावलं. काँक्रीट दोन-अडीच तासांत आवळतं, गाड्या उन्हात खोळंबल्या तर माल फुकट जातो. कुणीतरी तो फोन करायलाच हवा होता. हे मी मालकाला सांगितलं, बायकोला सांगितलं, कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. शिवाय तो जागीच गेला होता, असंही म्हणायचो. पण मी जवळ गेलोच नव्हतो, मग मला ते कसं कळलं? आणि पोलिसांनी काम बंद केलंच, स्लॅब अर्धाच राहिला.

गाण्याचा अर्थ पुढे बऱ्याच वर्षांनी वाचला. तेव्हा रागच आला. लिहिणाऱ्याला काय, त्याला स्लॅब ओतायचा नव्हता. तो राग अजून पुरता गेलेला नाही. कधी वाटतं फोन बरोबर होता, कधी शिकूचा आवाज ऐकवत नाही.

म्हणून ते तिसरं, आखूड कडवं लागलं की मी बोलायचा थांबतो. तेवढा वेळ तुम्हीही काही विचारू नका.