सावद्याच्या शीतगृहात एकाच राउटरवर दोन व्हीआरएफ

जळगावहून पहाटेच निघालो. मे महिन्यात खानदेशात दहा वाजले की डोक्याला रुमाल बांधूनही निभाव लागत नाही. भुसावळ, तापीचा पूल, फैजपूर, मग सावदा. वाटेत केळीच्या बागा. रेल्वेने येणार असाल तर भुसावळला उतरून सरळ एसटी धरा.

शीतगृहातले तापमान सांभाळणारे कंट्रोलर १९२.१६८.१.०/२४ या आयपी पत्त्यांच्या रेंजमध्ये आणि मालकांचं ऑफिसही त्याच रेंजमध्ये. कंट्रोलरचे पत्ते बदलायला मालकांनी साफ नकार दिला. केळी १३-१४ अंशांवर राहायला हवी, तिथे चालू यंत्राला हात लावायचा नाही, हे मलाही पटलं. पण एका राउटिंग टेबलमध्ये, म्हणजे कोणता पत्ता कोणत्या पोर्टवर आहे याच्या राउटरमधल्या यादीत, एकच रेंज दोन पोर्टवर बसत नाही. म्हणून सिस्कोच्या राउटरवर 'शीत' आणि 'ऑफिस' असे दोन व्हीआरएफ केले, म्हणजे एकाच राउटरच्या आत दोन वेगळे राउटर असल्यासारखे. दोघांची टेबलं स्वतंत्र, एकाचे रूट दुसऱ्याला दिसत नाहीत.

इथे जपायचं ते असं. पोर्टवर 'व्हीआरएफ फॉरवर्डिंग' दिलं की त्या पोर्टचा आयपी पत्ता तिथल्या तिथे उडतो, तो पुन्हा टाकावा लागतो. हे काम घरबसल्या रिमोटने करू नका. राउटरला थेट लॅपटॉप जोडायची कन्सोल केबल घेऊन जागेवर जा. तरीही रिमोटनेच करावं लागलं, तर आधी 'रीलोड इन १०' द्या. लाईन तुटलीच तर दहा मिनिटांत राउटर जुन्या सेव्ह केलेल्या कॉन्फिगवर परत येतो. सगळं जमलं की 'रीलोड कॅन्सल' विसरू नका.

इंटरनेटची लाईन एकच, ती ग्लोबल टेबलमध्येच, म्हणजे व्हीआरएफबाहेरच्या मूळ टेबलमध्ये, ठेवली. त्यामुळे प्रत्येक व्हीआरएफच्या डिफॉल्ट रूटच्या (बाहेर जाणाऱ्या वाटेच्या) शेवटी 'ग्लोबल' लिहावं लागतं आणि नॅटच्या (आतले पत्ते इंटरनेटसाठी बदलून देणाऱ्या) ओळीत त्या-त्या व्हीआरएफचं नाव द्यावं लागतं. राउटरच डीएचसीपीने यंत्रांना आपोआप पत्ते वाटत असेल, तर त्या पत्त्यांच्या पूलमध्येही.

"भाऊ, कंट्रोलरला पिंगच जात नाही ना," तिथला ऑपरेटर म्हणाला. पिंग म्हणजे समोरचं यंत्र उत्तर देतं का याची चाचणी; राउटरवरचा साधा पिंग ग्लोबल टेबल बघतो, तिथे ती रेंज नाहीच. 'पिंग व्हीआरएफ शीत' लिहून पत्ता दिला आणि पाचही उद्गारचिन्हं उमटली, म्हणजे पाचही वेळा उत्तर आलं.

निघण्याआधी 'राईट मेमरी' कराच. दुपारी लाईट गेली आणि कॉन्फिग सेव्ह नसेल, तर दोन्ही व्हीआरएफ गेलेच समजा. पोर्टवर दोन रंगांच्या पट्ट्या चिकटवा, म्हणजे कोणी साफसफाई करताना ऑफिसची केबल शीतगृहाच्या पोर्टात खुपसणार नाही.