इताइपूचे दोन सूर

ब्राझीलमधल्या फोज दो इग्वासूच्या सबस्टेशनमध्ये पहिल्या दिवशी मी हातातलं काम विसरून नुसती ऐकत उभी राहिले होते. ट्रान्सफॉर्मर विजेच्या ज्या फ्रिक्वेन्सीवर (सेकंदाला किती आवर्तनं, म्हणजे हर्ट्झ) चालतो, तिच्या दुप्पट कंपनाने घुमतो. ५० हर्ट्झवाला १०० वर, ६० हर्ट्झवाला १२० वर. एका आवारात सहसा एकच घुमणं असतं. इथे दोन आहेत. ५० च्या बाजूला उभं राहून सा धरायचा आणि चालत ६० च्या बाजूला जायचं, की कोमल गंधार लागतो. पाचास सहा, अगदी नेमकं प्रमाण. लहानपणी सात वर्षं गाणं शिकले, त्यामुळे कान तिकडेच जातो.

२०१९ च्या हिवाळ्यात (तिकडचा हिवाळा म्हणजे जून-जुलै) मी ट्रान्सफॉर्मर तपासणीच्या कामावर चार महिने ब्राझीलच्या त्या टोकाच्या गावात होते. पाराना नदी ओलांडली की पॅराग्वे. नदीवर थोडं वर इताइपू धरण. वीजघरात प्रत्येकी ७०० मेगावॅटचे २० संच, एकूण १४,००० मेगावॅट. त्यातले १० ब्राझीलच्या ६० हर्ट्झवर फिरतात आणि १० पॅराग्वेच्या ५० वर.

यामागची गोष्ट मला एका पॅराग्वेयी इंजिनिअरने सांगितली. तो पलीकडच्या एर्नांदारियासचा, धरणाच्या उजव्या तीरावर काम करणारा. दुपारी तो तेरेरेचा पेला काढायचा. येर्बा मातेचा भुगा, त्यावर बर्फाचं पाणी, आत धातूची नळी. ओतणारा एकच, पेला एकच, आणि तो गोल फिरत राहतो. नको असेल तेव्हाच ‘ग्रासियास’ म्हणायचं. मी पहिल्याच घोटाला सभ्यपणे आभार मानले आणि पेला पुन्हा माझ्याकडे आलाच नाही. दुसऱ्या दिवशी त्याने नीट समजावलं आणि मग गोष्टही सांगितली.

१८६४ ते १८७० या युद्धात पॅराग्वे एका बाजूला आणि ब्राझील, अर्जेंटिना, उरुग्वे दुसऱ्या बाजूला होते. पॅराग्वे त्यात जवळजवळ संपला. पुरुष तर हाताच्या बोटांवर मोजावे इतके उरले, असं तिथले लोक अजून सांगतात. युद्धानंतर आखलेल्या सीमेचा एक तुकडा पारानावरच्या ग्वायरा धबधब्यापाशी वादात राहिला. १९६५ मध्ये तिथे ब्राझीलचे सैनिक येऊन बसले. जून १९६६ मध्ये दोन्ही देशांनी इग्वासूला एका कागदावर सह्या केल्या: नदीच्या या भागातून जी वीज निघेल ती निम्मी-निम्मी. २६ एप्रिल १९७३ ला ब्राझिलियात पक्का करार झाला. तेव्हा दोन्हीकडे लष्करी राजवट होती, म्हणजे लोकांना कुणी विचारलं नाही. ऑक्टोबर १९८२ मध्ये दरवाजे बंद केले आणि अवघ्या १४ दिवसांत जलाशय भरला. ग्वायराचा धबधबा बुडाला, त्याच्यासोबत भांडणाची जमीनही बुडाली. त्या इंजिनिअरच्या वडिलांनी तो धबधबा पाहिला होता. ते म्हणायचे, आधी ऐकू यायचा, मग दिसायचा. ग्वारानी भाषेत ‘इता’ म्हणजे दगड आणि ‘पू’ म्हणजे नाद. इताइपू, नाद करणारा दगड.

आता त्या ५० हर्ट्झकडे येते, कारण मला या दोन देशांचं नातं तिथेच सगळ्यात स्पष्ट दिसलं. पॅराग्वे बहुतेक सगळी वीज ब्राझीललाच विकणार हे आधीपासून ठाऊक होतं. मग त्याने आपली फ्रिक्वेन्सी बदलून ६० करावी, खर्च आम्ही सोसतो, असं ब्राझीलचं म्हणणं होतं. पॅराग्वेने नकार दिला. अर्जेंटिनाची यंत्रणा ५० ची, स्वतःच्या आकाराय धरणाची वीज ५० ची, घरातला पंखा-मोटर सगळं ५० चं. शेवटी निम्मे संच ५० वरच ठेवायचे ठरले. त्यांची वीज ब्राझीलला न्यायची तर आधी तिचा डीसी (एकाच दिशेने वाहणारी, फ्रिक्वेन्सी नसलेली वीज) करायचा, ६०० किलोव्होल्टच्या तारांवरून सुमारे ८०० किलोमीटर साओ पावलोच्या बाजूला धाडायची आणि तिथे तिचा पुन्हा ६० चा एसी करायचा. ६,३०० मेगावॅटची ती यंत्रणा कित्येक वर्षं जगातली सगळ्यात मोठी होती. एका लहान देशाने नाही म्हटलं आणि मोठ्या देशाने त्याभोवती एवढं लोखंड उभं केलं. माझ्या धंद्यात मला याहून मोठा मान ठाऊक नाही.

पण हा मान लोखंडापुरताच राहिला, कागदावर तो उतरला नाही. करारात लिहिलंय की आपल्या वाट्यातली जी वीज वापरणार नाही, ती दुसऱ्या भागीदारालाच द्यायची. तिसऱ्या कुणाला नाही, बाजारभावानेही नाही. मोबदला ठरलेला. सुरुवातीची कित्येक वर्षं पॅराग्वेला निर्मितीच्या दहाव्या हिश्शाचीही गरज नव्हती, म्हणजे बाकी सगळं ब्राझीलकडे. ब्राझीलची बाजू खोटी नाही. भांडवल दोघांचं पाच-पाच कोटी डॉलर, त्यातलं पॅराग्वेचं ब्राझीलकडूनच कर्जाऊ घेतलेलं. बांधणीच्या कर्जाला हमीही ब्राझीलची. ग्राहक बांधलेला नसता तर धरण उभंच राहिलं नसतं. तरीही मोबदला तिप्पट व्हायला २००९ उजाडलं. ब्राझीलचे अध्यक्ष लूला आणि पॅराग्वेचे तेव्हाचे अध्यक्ष फर्नांदो लुगो यांनी पॅराग्वेच्या राजधानीत, आसुन्सिओनमध्ये, तो वर्षाला १२ कोटींवरून ३६ कोटी डॉलर करायचं ठरवलं, आणि ते अंमलात यायला आणखी दोन वर्षं गेली.

मी तिथे असतानाच ते मोठं प्रकरण बाहेर आलं. मे महिन्यात दोन्ही सरकारांनी गुपचूप एक कागद केला होता. त्यामुळे पॅराग्वेच्या आंदे या वीज मंडळाला स्वस्त जादा विजेऐवजी महाग विजेची नोंदणी वाढवावी लागणार होती. जुलैच्या शेवटी मंडळाच्या प्रमुखांनी आणि मग परराष्ट्रमंत्र्यांनी राजीनामे दिले. १ ऑगस्टला तो कागदच रद्द झाला, नाहीतर पॅराग्वेचे तेव्हाचे अध्यक्ष मारिओ अब्दो बेनितेस यांचंही पद गेलं असतं. त्या आठवड्यात आमचा इंजिनिअर पेला फिरवत होता, पण बोलत नव्हता. एकदाच म्हणाला, “आमच्याच लोकांनी सही केली, याचंच वाईट वाटतं.”

चांगल्या गोष्टीही झाल्या. मर्कोसूर या दक्षिण अमेरिकी देशांच्या व्यापारी गटाच्या निधीत तेव्हा ७० टक्के पैसा ब्राझीलचा, आणि वाटपात सगळ्यात मोठा, ४८ टक्के वाटा पॅराग्वेचा. त्याच निधीतून बऱ्याचशा पैशांवर इताइपूपासून आसुन्सिओनजवळच्या विया आयेसपर्यंत ५०० किलोव्होल्टची लाइन उभी राहिली आणि २०१३ मध्ये सुरू झाली. त्याआधी इतकी वीज आसुन्सिओनपर्यंत नेणाऱ्या ताराच देशात नव्हत्या, ही गोष्ट मला अजून हलवून जाते. दोन देशांना जोडणारा मैत्री पूल १९६५ चा. त्यावरून मी दर रविवारी पायी पलीकडच्या सिउदाद देल एस्ते शहरात जायचे. समोरून पोती-पिशव्या लादलेली ब्राझिली माणसं यायची आणि दुकानदार भाव डॉलरमध्ये सांगायचे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये धरणाचं कर्ज फिटलं. त्याच वर्षी कराराला ५० वर्षं झाली आणि दरांच्या परिशिष्टाची फेरतपासणी करायची वेळ आली. ब्राझीलला स्वस्त वीज हवी, पॅराग्वेला चढा दर, कारण त्यातून त्याची विकासकामं चालतात. मे २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी किलोवॅटमागे महिना १९.२८ डॉलर हा दर ठरला. मग ब्राझीलने पॅराग्वेवर हेरगिरी केल्याची बातमी आली आणि एप्रिल २०२५ मध्ये पॅराग्वेने बोलणीच थांबवली. माझं मत सरळ आहे. हमी कर्जासाठी होती आणि कर्ज फिटलं. आता पॅराग्वेला आपली वीज हवी त्याला, हव्या त्या भावात विकू द्यावी.

तो इंजिनिअर अजून अधूनमधून निरोप पाठवतो. गेल्या जानेवारीत आसुन्सिओनला पारा चाळिशीला टेकला होता. त्याच्या बहिणीच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर पुन्हा जळाला. तिने पाठवलेला फोटो त्याने मला दाखवला: अंगणात खुर्च्या, मध्ये मेणबत्ती, आणि तेरेरेचा पेला.