कणकुंबीचा पाऊस, अथणीचं ऊन आणि घरातलं सामान

बेळगाव जिल्ह्यात घराच्या आतल्या कामाचा एकच नियम चालत नाही. अथणीकडे वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, बेळगाव शहरात बाराशेच्या आसपास आणि जांबोटी-कणकुंबीकडे त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे 'इको-फ्रेंडली' म्हणून मिळणारी वस्तू कोरड्या चिकोडीत वीस वर्षं टिकते आणि भरपूर पावसाच्या खानापुरात तिसऱ्या पावसाळ्यात फुगते. फुगलेली वस्तू कचऱ्यात जाते, तिच्या जागी नवी येते, मग ती कितीही नैसर्गिक असली तरी पर्यावरणाचं काय भलं झालं? म्हणून सामान निवडताना तीन प्रश्न विचारावेत. कुठून आलं, आत कुठला डिंक किंवा सॉल्व्हंट (थिनरसारखं पातळ करणारं रसायन) आहे आणि आपल्या गावच्या पावसात किती वर्षं टिकेल? तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत.

सुरुवात भिंतीपासून, कारण सगळ्यात जास्त क्षेत्रफळ तिचंच असतं. जांभ्या चिऱ्याच्या किंवा जुन्या मातीच्या भिंतीवर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट चढवला की आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. ऑगस्टमध्ये पापुद्रे सुटतात, मागे खार फुलतो. रंगवाला 'डॅम्पप्रूफ' कोट सुचवतो, त्याने ओल फक्त एक फूट वर सरकते. गळणारं छप्पर, पॅरापेटची भेग, जोत्याला लागून साठणारं पाणी हे आधी दुरुस्त करायचं आणि मग श्वास घेणारा थर द्यायचा. तो थर म्हणजे चुना.

कळीचा, म्हणजे न विरवलेला ढेकळांचा चुना घ्यावा. पोत्यातली पावडर हवेत राहून निम्मी मेलेली असते. 1 किलो चुन्याला साधारण 5 लिटर पाणी लागतं. लोखंडी पिंपात आधी पाणी आणि मग हळूहळू चुना टाकायचा, उलट कधीच नाही. चुना उकळतो आणि उडतो, त्यामुळे डोळ्यांवर गॉगल हवा आणि पोरं लांब हवीत. पातळ प्लास्टिकची बादली त्या उष्णतेने वाकते. किमान आठवडाभर पाण्याखाली मुरू द्यावा, महिनाभर मुरला तर आणखी चांगला. मग सुती कापडातून गाळून दुधासारखा पातळ करून हात मारायचे. गवंड्यांना घाई असते म्हणून ते दाट करून दोनच हात मारतात आणि तोच चुना पुढे हाताला लागतो, भुकटी होऊन झडतो. पातळ तीन हात, प्रत्येक हाताआधी भिंत ओली आणि दोन हातांमध्ये एक दिवस, एवढं पाळलं तर तो झडत नाही. चिकटपणासाठी थोडा भिजवलेला डिंक चालतो. रंग हवा असेल तर गेरू, पिवडी असे मातीचे किंवा लोहाचे रंगच घ्यावेत, तेही चुन्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत. बाकीचे बरेच रंग चुन्याच्या क्षाराने फिके पडतात. जुन्या डिस्टेंपरवर किंवा ऑइल पेंटवर चुना बसत नाही, तो आधी पूर्ण खरवडावा लागतो.

गिलावाच नवा करायचा असेल तर आतल्या थराला चुना-वाळू 1:3 धरावी आणि एका थराची जाडी 8 ते 10 मिलिमीटरच्या वर नेऊ नये. जाड थर बाहेरून सुकतो, आत ओला राहतो आणि तडकतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, सिमेंटसारखा पाण्याने नाही, म्हणून त्याला वेळ लागतो. एप्रिल-मेच्या उन्हात तो भराभर वाळून तडे जातात, जुलैत वाळतच नाही. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत हे काम उरकावं. मजूर या कामाला नाखूश असतात, हे खरं. मजुरी थोडी जास्त द्यावी लागते, सामान मात्र स्वस्त पडतं.

रंग घ्यायचाच असेल तर डब्यावर व्हीओसीचा, म्हणजे रंगातून हवेत उडणाऱ्या रसायनांचा आकडा छापलेला आहे का ते पाहावं. आतल्या भिंतीला लिटरमागे 50 ग्रॅमच्या आतला रंग चांगला. डब्यावरचं नुसतं पानाचं चित्र काहीच सांगत नाही. दारं-खिडक्यांना थिनरवाल्या ऑइल पेंटऐवजी पाण्यावरचा इनॅमल वापरावा. जुनं घर असेल तर आणखी एक काळजी घ्यायला हवी. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) वर नको हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या तेलरंगात ते जास्त असू शकतं. असा रंग सँडपेपरने कोरडा घासू नये. ओला करून खरवडावा, पोतं अंथरून पापुद्रे गोळा करावेत आणि ते दिवस लहान मुलांना मामाकडे पाठवावं.

आता लाकूड. शहापूर, वडगाव किंवा बेळगावच्या जुन्या गल्ल्यांत वाडे पाडले जातात तेव्हा सागवानाची तुळई, चौकटी, फळ्या बाजारात येतात. पन्नास-साठ वर्षं वाळलेलं ते लाकूड नव्या सागापेक्षा कमी हलतं. घनफुटाचा हिशेब स्वतः करावा: 7 बाय 3 फुटी दाराची उंबरठ्यासह चौकट म्हणजे 20 फूट लांबी. जाडी 5 बाय अडीच इंच धरली की 20 × 5/12 × 2.5/12 म्हणजे पावणेदोन घनफूट होतं. घट आणि खिळ्यांची भोकं धरून दोन मागवावं. विकत घेण्याआधी तुळईच्या भिंतीत गाडलेल्या टोकात पेचकस खुपसून बघावा, कुज तिथूनच सुरू होते. खालच्या बाजूला पिठासारखी पूड दिसली तर किडा जिवंत आहे. सॉ मिलवाले खिळ्याच्या भीतीने जुनं लाकूड घ्यायला कां कूं करतात, म्हणून लोहचुंबक फिरवून, खिळे उपटूनच न्यावं. नवंच हवं तर दांडेलीसारख्या सरकारी डेपोतून लिलावात सुटलेलं, कागदपत्रांसह घ्यावं. चंदगडकडून स्वस्त मिळतंय म्हणून टेंपो भरून आणायच्या आधी वनखात्याचा वाहतूक पास आहे का ते विचारावं. जंगलतोडीचं लाकूड घरात आणून वर 'नैसर्गिक' म्हणण्यात काही अर्थ नाही.

सगळं फर्निचर सागात परवडत नाही, तेव्हा प्लायवुड येतंच. इथे मुख्य गोष्ट डिंकाची आहे. एमआर म्हणजे थोडी ओल सोसणाऱ्या ग्रेडमध्ये (भारतीय मानक आयएस 303) बहुधा युरिया फॉर्मल्डिहाइड असतं. ते दमट हवेत फॉर्मल्डिहाइडचा वायू जास्त सोडतं आणि पाण्याने सुटतं. आयएस 710 च्या मरीन प्लायमध्ये फिनॉलचा डिंक असतो. तो महाग पडतो, पण वायू कमी सोडतो आणि पाण्यात टिकतो. शीटवर ई-1 किंवा ई-0 असा, कमी वायू सोडतो हे सांगणारा शिक्का मागावा. वायू सगळ्यात जास्त कापलेल्या कडांतून येतो, म्हणून दिसत नसलेल्या कडांनाही एज बँडिंग (कडेची पट्टी) किंवा दोन हात प्रायमर द्यावा. लॅमिनेट दोन्ही बाजूंनी लावावं, नाहीतर दार बाक घेतं. चिकटवायला उग्र वासाच्या रबर सोल्युशनऐवजी पाण्यावरचा पांढरा डिंक घ्यावा. सुतार म्हणेल, 'साहेब, याला रात्रभर दाब ठेवायला लागतोय.' ठेवू द्यावा.

आपल्याकडे ऊस आहे म्हणून चिपाडाच्या बोर्डाची भुरळ पडते. शेतातल्या टाकाऊ मालाचा वापर होतो हे चांगलंच, पण त्यातही डिंक युरियाचाच असेल तर चिपाडाने त्याला पुण्य येत नाही. स्क्रू धरण्यात तो कमजोर आहे आणि पाणी लागलं की बिस्किटासारखा फुगतो. पुस्तकांच्या कपाटाची पाठ, भिंतीचं पॅनल एवढ्यालाच तो ठीक, अथणी-रायबागकडे थोडा जास्त वापरता येईल. पीव्हीसी फोम बोर्ड मात्र 'झाड तोडावं लागत नाही' एवढ्यावरच विकला जातो. पाण्याला तो उत्तम, पण पेटला तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते आणि मोडल्यावर भंगारवाला घेत नाही. सिंकखाली त्याची गरजच नाही. ओट्याखाली दर अडीच फुटांवर कडप्प्याच्या उभ्या फरश्या आणि मध्ये कडप्प्याचाच कप्पा टाकला की वाळवी, ओल, डिंक तिन्ही प्रश्न संपतात. दारं तेवढी लाकडी चौकटीत जाळीची करावीत. कडप्पा हा चुनखडीच आहे, लिंबू-चिंचेचा रस सांडला की पांढरा डाग पडतो, म्हणून वर ओट्याला ग्रॅनाइट बरा.

कपाटं पश्चिमेच्या भिंतीला टेकवून करू नयेत. मागे दोन इंच मोकळी जागा आणि खाली चार इंचाचे पाय ठेवले, तर बुरशीच्या वासाची अर्धी तक्रार तिथेच मिटते.

फरशीसाठी मोरबीच्या टाइल्स हजारभर किलोमीटरवरून येतात, शहाबादी आपल्याच राज्यातल्या कलबुर्गीहून. शहाबादी खरेदी करताना जाडी चारी कोपऱ्यांत मोजावी, नाहीतर खालचं सिमेंट त्या फरकानेच वाढतं. खानापूरच्या लाल मातीच्या कौलांना आणि विटांना जुनं नाव आहे, तिथल्या भट्टीतल्या फरशाही चांगल्या, पण परीक्षा करून घ्याव्यात. कोरडी फरशी वजन करा, 24 तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. 2 किलोची फरशी 200 ग्रॅमच्या आसपास पाणी प्यायली म्हणजे दहा टक्के, चालेल. त्याहून बरंच जास्त प्यायली तर ती कच्ची भाजलेली आहे. स्वयंपाकघरात तेलाचे डाग पडणार आणि पावसाळ्यात खार फुलणार. कोरड्या फरशीला अळशीच्या तेलाचे दोन पातळ हात द्यावेत, जास्तीचं तेल अर्ध्या तासात पुसून काढावं, नाहीतर वर चिकट थर बसतो. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून किंवा दोरीवर पसरून वाळवाव्यात.

तुळयांना काजूच्या टरफलाचं तेल लावायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. वाळवीला ते चांगलंच आवरतं. पण ते कातडीला भाजतं, रंग काळा पडतो आणि वास बरेच दिवस राहतो. छपरात लावा, पलंगाला नको.

बांबूचा पडदा किंवा छताचं पॅनल करायचं तर भरीव माणगा घ्यावा, तोही पावसाळा संपल्यावर तोडलेला. तेव्हा त्यात साखर-पिष्ट कमी असतं, किडा कमी लागतो. ताजा असतानाच 100 लिटर पाण्यात 3 किलो टाकणखार व 2 किलो बोरिक पावडर विरघळवून आठवडाभर बुडवून ठेवावा. नंतर सावलीत उभा वाळवावा. ही औषधं पाण्याने धुऊन जातात, म्हणून असा बांबू घराच्या आतच वापरावा, पावसाच्या माऱ्यात नाही.

पडद्यांना आपल्याच जिल्ह्यातल्या हुदली गावची खादी आहेच. कापड शिवण्याआधी भिजवून वाळवावं, कारण खादी आटते. 4 फुटी खिडकीला चुण्यांसाठी 8 फूट रुंदीचं कापड धरावं आणि उंचीत वर-खाली मिळून 10 इंच जास्त.

कामाचा क्रम ठरवताना एक गोष्ट हिशेबात धरावी. मे महिन्यात बसवलेलं लाकडी दार कोरडं, आकसलेलं असतं. सुतार तेव्हा अगदी चपखल बसवतो आणि जुलैत ते उंबरठ्याला घासतं, मग रंधा मारला जातो, आणि जानेवारीत फट दिसते. मेमध्ये बसवताना चारी बाजूंनी 3 ते 4 मिलिमीटर सोडायला सांगावं आणि वरच्या-खालच्या कडांनाही तेल द्यायला लावावं. त्या कडा दिसत नाहीत म्हणून नेहमी कोऱ्याच राहतात, आणि पाणी नेमकं तिथूनच शिरतं.