स्कोअर कमी असताना जुनी गाडी घेणं: काही नोंदी

सोमवार

क्रेडिट स्कोअर पडलेला माणूस जुनी गाडी घ्यायला निघतो तेव्हा त्याला सगळ्यात महाग पडतो तो मिंधेपणा. व्याजाचा दर त्याच्यानंतर येतो. दोन ठिकाणी नकार मिळालेला असतो आणि तिसऱ्या ठिकाणी कुणीतरी म्हणतं, "काळजी करू नका, तुमचं काम होऊन जाईल." एवढ्या एका वाक्यानं माणूस सुटकेचा श्वास टाकतो. समोरच्यानं आपलं काम केलंय, आता त्याच्या गाडीत खोट कशी काढायची, असं वाटायला लागतं. मग बॉनेट उघडायचं राहतं, मेकॅनिकला बोलवायचं राहतं आणि कागद न वाचता सह्या होतात.

कर्ज देणाऱ्याचा माणूस गाडी बघायला येतो, त्यावरूनही गैरसमज होतो. कर्ज मंजूर झालं म्हणजे गाडी तपासून झाली, असं धरलं जातं. तो माणूस बघतो ते एवढंच, की हप्ते थकले आणि गाडी ओढून आणावी लागली तर बाजारात तिचे किती येतील. क्लच संपत आलाय का, हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधली सीलपट्टी) गेलंय का, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ते बघणारं तुमच्या बाजूचं कुणीही नसतं, तुम्ही आणि तुम्ही पैसे देऊन नेलेला मेकॅनिक सोडून.

म्हणून कर्ज आणि गाडी या दोन खरेद्या मनात वेगळ्या ठेवायच्या. एकीत मिळालेला होकार दुसरीत फेडायचा नाही.

मंगळवार

"महिन्याला हप्ता किती झेपेल?" हा प्रश्न आला की सावध व्हायचं. हप्त्याचा आकडा एकदा तोंडातून गेला की किंमत, दर आणि मुदत हे तिन्ही समोरच्याच्या हातात जातात. तो तुम्हाला तुमचाच आकडा जुळवून दाखवतो, फक्त मुदत वाढवून.

हिशेब करूनच बघावा. मुद्दल एक लाख, घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या मुद्दलावरच, वार्षिक २० टक्के दर. ३६ महिन्यांसाठी हप्ता येतो साधारण ३,७१६ आणि एकूण व्याज जवळपास ३३,८००. हेच ७२ महिन्यांवर नेलं तर हप्ता २,३९५ वर उतरतो, ऐकायला फार बरं वाटतं, पण व्याज होतं सुमारे ७२,५००. दोन वर्षांनी तर चित्र आणखी वाईट दिसतं. तोवर ५७,५००च्या आसपास भरून झालेले असतात आणि मुद्दल घटलेलं असतं फक्त २१,३००. म्हणजे अजून ७८,७०० बाकी. दोन वर्षं जुनी झालेली ती गाडी विकून एवढे येत नाहीत. गाडी विकून कर्ज फिटत नाही आणि ठेवली तर दुरुस्ती मागते, अशा कात्रीत माणूस सापडतो तो या लांब मुदतीमुळे.

दुसरी गफलत फ्लॅट दराची. "फक्त १२ टक्के" म्हणून सांगतात, पण ते फ्लॅट असतील तर पूर्ण मुदतभर मूळ रकमेवरच व्याज लागतं, तुम्ही फेडलेलं त्यातून वजा होत नाही. एक लाखावर १२ टक्के, तीन वर्षं, म्हणजे ३६,००० व्याज, हप्ता ३,७७८. घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर २१ टक्क्यांच्या थोडा वरच जातो. त्यात तीन टक्के प्रोसेसिंग फी आधीच कापून ९७,००० हातात ठेवले तर खरा दर २३ टक्क्यांच्या पुढे. दोन ठिकाणचे दर ताडून बघायचे तर दोन्हीकडून एकच गोष्ट लेखी मागावी: हातात पडणारी रक्कम, हप्ता आणि हप्त्यांची संख्या. हे तीन आकडे मिळाले की मोबाइलवरच्या ईएमआय कॅल्क्युलेटरमध्ये दर बदलून बघत हप्ता जुळवायचा, जुळला तो खरा दर. दराला कुठलं नाव दिलंय याला मग महत्त्व राहत नाही.

डीलरमार्फत कर्ज घेतलं तर त्याचंही त्यात काही असू शकतं. कर्ज देणारा डीलरला एक दर कळवतो आणि डीलर त्यावर आपला टक्का-दोन टक्का चढवतो, ही पद्धत बऱ्याच ठिकाणी चालते. तुमच्याकडे बाहेरून आणलेली एखादी मंजुरी असेल, भले तिचा दर चढा असो, तरी ती टेबलावर ठेवली की हा चढवलेला भाग खाली येतो. ती मंजुरी नसेल तर तुलना कशाशी करणार?

मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड किती, हेही आजच विचारून ठेवायचं. स्कोअर सुधारल्यावर वर्ष-दीड वर्षानं कमी दराचं कर्ज घेऊन हे फेडून टाकणं, हाच महाग कर्जातून बाहेर पडायचा सगळ्यात सरळ रस्ता आहे. दंड जबर असेल तर तो रस्ता पहिल्याच दिवशी बंद झालेला असतो.

बुधवार

आज थोडंच. गाडी बघायला जाण्याच्या दोन-तीन महिने आधी आपला क्रेडिट रिपोर्ट स्वतः मागवावा. स्वतः बघितल्यानं स्कोअर कमी होत नाही. त्यात तीन गोष्टी शोधायच्या: फेडून टाकलेलं कर्ज अजून चालू दिसतंय का, नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याचं खातं आपल्या माथी आलंय का, आणि तडजोड करून मिटवलेलं खातं "सेटल" म्हणून पडलंय का. पहिल्या दोन चुका पुराव्यासकट तक्रार केली की निघतात, साधारण महिनाभर धरून चालायचं. तिसरी चूक नसतेच, ती खरी नोंद असते. तिथे उरलेली रक्कम भरून खातं पूर्ण बंद झाल्याचं पत्र घेता येतं का, ते बघावं. क्रेडिट कार्डाची थकलेली शिल्लक मर्यादेच्या तीस टक्क्यांखाली आणली तर स्कोअरला सगळ्यात लवकर हात मिळतो.

अर्ज मात्र सरसकट दहा ठिकाणी टाकू नयेत. प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदली जाते. फिकोसारख्या काही गुणांकन पद्धतींत ठरावीक दिवसांत केलेल्या गाडीकर्जाच्या चौकशा मिळून एकच धरतात, पण ही सवलत सगळीकडे नसते. तेव्हा दोन-तीन ठिकाणं निवडून एकाच आठवड्यात उरकावं.

जामीनदार घेतला तर त्याला खरं काय ते सांगून घ्यावं. आपला हप्ता चुकला की त्याच्याही रिपोर्टवर डाग येतो, आणि पूर्ण कर्जाला तो तितकाच बांधलेला असतो. "नुसती सही आहे" म्हणून घेतलेल्या सहीनं नाती तुटतात. हे लिहिताना मन खट्टू होतं, पण न लिहून चालणार नाही.

शुक्रवार

आता गाडी. इथे वेळ घालवावा तेवढा थोडा.

गाडी थंड असतानाच बघायची. जायच्या आधी फोनवर तसं सांगून ठेवायचं आणि पोचल्या पोचल्या बॉनेटवर तळहात टेकवायचा. गरम लागलं तर इंजिन आधीच चालवून ठेवलंय. का, ते विचारायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा यायचं. इंजिनाचे बरेच आजार थंडपणी पहिल्या दहा सेकंदांत दिसतात. चावी फिरवल्यावर टायमिंग चेनचा खडखडाट येऊन थांबतो तो तेव्हाच. सायलेन्सरमधून निळसर धुराचा एक झोत निघून विरतो, म्हणजे रात्रभरात व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल झिरपलेलं. पांढरा धूर थंड हवेत थोडा वेळ साहजिक आहे, पण इंजिन तापल्यावरही तो दाट येत असेल आणि त्याला गोडसर वास असेल तर कूलंट जळतंय. तिथे हेड गॅस्केटची शंका घ्यायची.

सुरू करायच्या आधी ऑइलचं झाकण उलटं करून बघायचं. आत कॉफीच्या फेसासारखा पिवळट-तपकिरी लगदा असेल तर ऑइलमध्ये पाणी आहे. फक्त छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही झाकणाला थोडा ओलसर थर येतो, म्हणून डिपस्टिकही काढून बघायची. तिच्यावरही तोच रंग असला तर विषय संपला. कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग किंवा गंज आहे का ते बघावं. रेडिएटरचं झाकण मात्र गरम इंजिनावर कधीही उघडू नये, वाफेनं तोंड भाजतं. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण अलगद उचललं आणि आतून धुराचे फटकारे यायला लागले, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. हे काम इंजिन उतरवून करायचं असतं.

चावी "ऑन"वर ठेवून इंजिन न लावता डॅशबोर्डवरचे दिवे बघायचे. चेक इंजिन, एअरबॅग, एबीएस, सगळे लागले पाहिजेत आणि इंजिन लागल्यावर विझले पाहिजेत. एखादा लागलाच नाही तर बल्ब काढून ठेवलेला किंवा दिवा दाबलेला असू शकतो. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला तर फक्त कोड वाचून थांबायचं नाही. "रेडिनेस" म्हणून एक पान असतं, त्यात बरेचसे मॉनिटर, म्हणजे गाडी स्वतःच्या करते त्या तपासण्या, अपूर्ण दिसले तर कोड नुकतेच पुसलेत, किंवा मधे बॅटरी काढली होती. शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करू द्या, एवढं म्हणायचं आणि चेहरा बघायचा.

किलोमीटरचा आकडा ओडोमीटरवर विश्वासानं घेऊ नये, तो खाली आणता येतो. ब्रेकच्या पॅडलचं रबर, स्टिअरिंगची घासलेली चामडी, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड आणि गिअरची मूठ या चार जागा सहसा खरं सांगतात. तीस हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीच्या पॅडलचं रबर कोपऱ्यात गुळगुळीत होऊन आतलं लोखंड दिसत असेल, तर तो आकडा खोटा धरावा. टायरच्या बाजूवर चार अंकी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी जाड दिसली तरी रबर दहा वर्षांचं असेल तर ते बदलावंच लागणार, तो खर्च किमतीतून कमी करून घ्यायचा.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढावा. पुरात बुडालेली गाडी बाहेरून धुऊन चकचकीत करतात, पण आत गुंडाळलेल्या पट्ट्याच्या शेवटच्या हातभर भागावर गढूळ पाण्याची रेघ तशीच राहते. त्याच्या जोडीला सीटच्या रुळांचे बोल्ट आणि स्टेपनीखालचा खड्डा बघावा. गंज आणि वाळलेली माती दिसली की तिथूनच परत फिरायचं. वायरिंगमध्ये पाणी शिरलेली गाडी वर्षभर एकेक करून बंद पडत राहते, आणि हप्ता मात्र चालूच असतो.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र मेकॅनिककडे असेल तर उत्तम. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास भरतो. ३००च्या वर म्हणजे पुन्हा रंगवलेला पत्रा, हजाराच्या घरात गेला तर खाली पुट्टी. एखादं दार रंगवलेलं असणं मोठी गोष्ट नाही. पुढचे दोन्ही पिलर (पुढच्या काचेच्या बाजूंचे, छप्पर पेलणारे खांब) किंवा छप्पर रंगवलेलं असेल तर मात्र नको.

टेस्ट ड्राइव्ह अर्ध्या तासापेक्षा कमी घेऊ नये. चढावर वरच्या गिअरमध्ये जोर द्यायचा, इंजिनाचे फेरे वाढले आणि वेग वाढला नाही तर क्लच संपलाय. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवल्यावर टकटक आली तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट गेलाय. ऑटोमॅटिक गाडी डी (पुढे) किंवा आर (मागे) मध्ये टाकल्यावर दोन सेकंद थबकून धक्का देत असेल तर ती स्वस्तात मिळाली तरी सोडावी. कमी स्कोअरवाल्याला गिअरबॉक्सचा खर्च परवडत नाही. त्यासाठी दुसरं कर्ज कुणी देणार नसतं.

टायमिंग बेल्ट कधी बदलला याचं बिल नसेल तर तो बदलायचाच आहे असं धरावं. तो तुटला तर बऱ्याच इंजिनांमध्ये पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल आणि हा बेल्ट, एवढ्यासाठी गाडीच्या किमतीच्या दहा ते पंधरा टक्के रोख बाजूला हवी. सगळी रोख डाउन पेमेंटमध्ये घालून मोकळं व्हायचा मोह होतो. पण पहिल्याच दुरुस्तीला हप्ता चुकतो तो या मोहापायी.

शनिवार

कागद. गाडीचा ओळख क्रमांक १७ अक्षरांचा असतो, त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधी येत नाहीत. चासीवर ठोकलेला, दाराच्या चौकटीवरचा आणि कागदावरचा, तिन्ही अक्षर-अक्षर लावून बघावेत. आकड्यांभोवती पत्रा घासलेला दिसला तर बोलणंच थांबवावं.

आधीच्या मालकाचं कर्ज गाडीवर उभं असेल तर त्याच्या हातात पैसे देऊ नयेत. ते थेट त्याच्या कर्जखात्यात भरायचे, नाहरकत पत्र घ्यायचं आणि बोजा उतरल्याची नोंद झाल्यावरच उरलेली रक्कम द्यायची.

टोकन दिलं तर पावतीवर लिहून घ्यावं: कर्ज नामंजूर झालं किंवा ठरलेला दर बदलला तर पूर्ण रक्कम परत. आणि अंतिम मंजुरी हातात पडेपर्यंत गाडी घरी नेऊ नये. "घेऊन जा, कागद मागाहून होतील" असं म्हणून गाडी देतात. आठवड्यानं फोन येतो, मंजुरी झाली नाही, आता चढ्या दरानं नवी सही करा. तोवर गाडी दारात उभी असते, घरच्यांना सांगून झालेलं असतं, जुनी गाडी बदल्यात गेलेली असते. अशा वेळी नाही म्हणणं फार जड जातं आणि ते समोरच्याला ठाऊक असतं.

करारात विमा, वाढीव वॉरंटी, ट्रॅकर यांच्या रकमा मुद्दलात मिसळल्यात का, ते ओळ-ओळ बघावं. नको असलेली रक्कम सहीच्या आधी खोडून घ्यावी. हप्ता थकल्यावर दुरून इंजिन बंद करणारं यंत्र बसवणार असतील तर किती दिवसांनी आणि कोणत्या सूचनेनंतर, हे करारात असलं पाहिजे.

हप्त्याची तारीख पगारानंतर तीन-चार दिवसांनी मागून घ्यावी. पहिला हप्ता गेला की खात्याचा उतारा मागवावा. एक लाख, २० टक्के, ३६ महिने, अशा कर्जात पहिल्या हप्त्यातले १,६६७ व्याजाला जाऊन सुमारे २,०५० मुद्दलातून घटलेले दिसायला हवेत. सुरुवातीचं मुद्दलच एक लाखाच्या वर दिसलं तर काहीतरी आत मिसळलंय, आणि त्याचा लेखी जाब त्याच दिवशी मागायचा.