बाबांच्या पिशवीतल्या गोळ्या

नॉर्वेतल्या बर्गनमधल्या माझ्या पहिल्याच हिवाळ्यात खोकला लागला, तो तीन आठवडे जाईना. इथे वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस पडतो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडे मृगाची वाट पाहून डोळे दुखतात, इथे छत्री वाळत नाही. शेवटी डॉक्टरकडे गेले. तिनं छाती तपासली, बोटाला टोचून थेंबभर रक्त घेतलं, चार-पाच मिनिटांत मशीनवर सीआरपीचा, म्हणजे शरीरात जंतुसंसर्ग किती आहे याचा अंदाज देणारा आकडा पाहिला आणि म्हणाली, "व्हायरल आहे. विश्रांती घे, पाणी पी, जाईल आपोआप." बस. अँटिबायोटिक नाही, सुई नाही, सिरप नाही. वर फी दिली ती वेगळीच.

संध्याकाळी फोनवर बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "सुई नाई देल्ली? मंग कायची डॉक्टरीण ते?"

त्या दिवशी मीही मनातून त्यांच्याच बाजूची होते. आज नऊ वर्षं झाली, डॉक्टर तीच आहे.

नॉर्वेत प्रत्येकाच्या नावावर एक डॉक्टर असतो. रेशन कार्डावर दुकान ठरलेलं असतं ना, तसंच. त्याला 'फास्टलेगे' म्हणतात. त्यातल्या 'फास्ट'चा अर्थ ठरलेला, कायमचा; वेगाशी त्याचा काही संबंध नाही, हे मला दोन आठवड्यांनंतरची अपॉइंटमेंट मिळाली तेव्हा कळलं. २००१ साली ही पद्धत देशभर सुरू झाली. डॉक्टर नाही पटला तर वर्षातून दोनदा बदलता येतो. पण स्पेशालिस्टकडे एरवी परस्पर जाता येत नाही, आधी फास्टलेगेची चिठ्ठी लागते. कॉलेजात असताना गुडघा दुखला तर मी थेट यवतमाळ गाठून हाडाच्या डॉक्टरकडे बसले होते, त्यामुळे सुरुवातीला हे फार जाचक वाटायचं.

मत बदललं ते दोन गोष्टींमुळे. एक इथल्या संशोधनामुळे, दुसरी बाबांच्या पायांमुळे.

आधी पाय. मोठ्या बाबांना, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाला, अठ्ठावन्नाव्या वर्षी लकवा मारला होता. माझ्या डॉक्टरनं दुसऱ्याच भेटीत घरच्यांचे आजार विचारले, हे नोंदवून घेतलं आणि तेव्हापासून दर वर्षी माझं बीपी पाहते. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात गावी निघण्याआधी तिच्याकडे गेले होते. बोलता बोलता निघालं, की बाबांना बीपी आहे आणि अलीकडे पाय सुजतात. तिनं एवढंच विचारलं, "त्यांच्या सगळ्या औषधांची एकत्र यादी कुणी केली आहे का?" चार किंवा जास्त औषधं चालू असलेल्या पेशंटची गरज दिसली की सगळी औषधं एकदा बसून तपासायची, हे इथे फास्टलेगेचं कामच आहे. म्हणाली, "मी त्यांची डॉक्टर नाही, काही सांगणार नाही. पण गेलीस की सगळ्या पट्ट्या एका जागी ओतून बघ."

ओतल्या. कपाशीच्या बियाण्याची पांढरी पिशवी ओसरीतल्या बाजेवर उलटी केली, तर अकरा पट्ट्या निघाल्या. काही मेडिकलवाल्यानं कात्रीनं कापलेल्या, त्यामुळे नावाची दोनच अक्षरं शिल्लक. तीन शहरांतल्या तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, घडीवर फाटलेल्या. बाबा प्रत्येक पट्टी हातात घेऊन सांगत होते: ही दारव्ह्याची, ही यवतमाळची, ही नागपूरले गेलतो तवाची. गोळीचं नाव नाही, गावाचं नाव. आईनं मधेच सांगितलं, "दारव्ह्याची सकाळी, यवतमाळची राती. दोन्हीही बीपीच्याच म्हणते."

मोबाइलच्या उजेडात बारीक अक्षरं वाचली. दारव्ह्याची आणि यवतमाळची, दोन्ही अ‍ॅम्लोडिपिन. कंपनी वेगळी, रंग वेगळा, औषध एकच. या औषधानं काही जणांचे घोटे सुजतात, डोस वाढला की जास्तच सुजतात. सूज दिसली म्हणून तिसऱ्या डॉक्टरांनी लघवीची गोळी लावली होती. आणि लघवीच्या गोळीमुळे बाबा रात्रीतून चारदा उठत होते, अंधारात, ओल्या न्हाणीत.

एका औषधाचा त्रास म्हणजे नवा आजार समजायचा आणि त्यावर दुसरं औषध लावायचं, याला वैद्यकात 'प्रिस्क्रायबिंग कॅस्केड' असं नाव आहे. १९९७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यावर लेख आला होता. पुढे २०२० मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या बीपीच्या वयस्कर पेशंटच्या नोंदी तपासल्या, तेव्हा नेमकं हेच दिसलं: अ‍ॅम्लोडिपिनच्या जातीची गोळी सुरू झालेल्यांना नंतर लघवीची गोळी लागण्याचं प्रमाण बीपीच्या इतर गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा जास्त. म्हणजे हा घोळ एकट्या दारव्हा तालुक्याचा नाही.

मला डॉक्टरांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. मग चिठ्ठ्या परत वाचल्या. प्रत्येक डॉक्टर आपापल्या खोलीत बरोबर होता. समोर बीपी वाढलेलं, दिली गोळी. समोर पाय सुजलेले, दिली गोळी. तिन्ही खोल्यांमधून फिरणारी वस्तू एकच होती, ती बियाण्याची पिशवी. आणि बाबा ती घरी ठेवून जायचे. "डॉक्टरले समजते ना सारं," म्हणे.

दुसऱ्या दिवशी आशाताई आल्या. त्यांनी वहीत सगळी नावं उतरवली, उपकेंद्रात नेऊन बीपी मोजून घेतलं आणि ती यादी घेऊन आम्ही दारव्ह्याच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी यादी दोनदा वाचली, एक अ‍ॅम्लोडिपिन थांबवली, लघवीची गोळी कमी करत बंद केली. पंधरा-वीस दिवसांत चपलेचा पट्टा रुतायचा थांबला. (हे वाचून कुणी घरच्या घरी गोळी बंद करू नका. बीपीची गोळी मनानं सोडणारे आमच्या मोठ्या बाबांसारखे लोक गावोगाव आहेत.)

आता संशोधन. २०२२ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ जनरल प्रॅक्टिसमध्ये माझ्याच शहरातल्या, म्हणजे बर्गनच्या संशोधकांचा एक अभ्यास छापून आला. पंचेचाळीस लाख नॉर्वेजियन लोकांच्या नोंदी. प्रश्न साधा: पेशंट आणि फास्टलेगे यांची जोडी किती वर्षं टिकली, यानं काही फरक पडतो का? एका वर्षाच्या ओळखीशी तुलना केली, तर पंधरा वर्षांपेक्षा जास्त ओळख असलेल्यांमध्ये रात्री-अपरात्री तातडीच्या दवाखान्यात जाण्याची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी कमी, तातडीनं दाखल होण्याची २८ टक्क्यांनी कमी आणि मरण्याची २५ टक्क्यांनी कमी. आणि फायदा एकदम येत नाही, वर्षागणिक वाढत जातो. त्याआधी २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या एका गटानं नऊ देशांतले २२ अभ्यास एकत्र तपासले होते. त्यांतल्या १८ मध्ये डॉक्टर तोच राहिला तिथे मृत्यू कमी दिसले.

शंका घेणाऱ्यांनी घ्यावी, मीही घेतली. एका जागी टिकून राहणारी माणसं मुळातच सुखवस्तू असतील, म्हणून जास्त जगत असतील. संशोधकांनी वय, शिक्षण, जुने आजार वगैरे हिशेबात धरलेत, तरी हा नोंदींचा अभ्यास आहे, प्रयोग नाही. पण बाजेवर ओतलेल्या अकरा पट्ट्या पाहिल्यावर मला तो आकडा अशक्य वाटत नाही.

आता आमच्याकडे पंधरा वर्षं एकच डॉक्टर कुठून आणायचा? आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बॉन्डवर, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेवर आलेला डॉक्टर पोरगा वर्षभर राहतो. त्याला गावाची नावं पाठ होईस्तोवर पीजीची तयारी सुरू. त्याला दोष नाही, पण बाबांच्या पिशवीचा इतिहास त्याच्यासोबत जातो. इतक्या वर्षांत बदलल्या नाहीत त्या फक्त आशाताई. कुणाच्या घरी काय शिजतं, कोण दारू पितं, कुणी गोळी सोडली, सगळं त्यांना ठाऊक.

आणि गावातल्याच बाईनं काय होतं, याचा पुरावा तर विदर्भानंच जगाला दिला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं ३९ गावांतल्या बायांना घरी जाऊन नवजात बाळं सांभाळायला शिकवलं आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी उतरला. १९९९ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं, २०११ पासून ती घरभेट देशभर आशांच्या कामात आली. त्याच गडचिरोलीत पुढे ८६ गावांतले मृत्यू मोजले, तर सातातला एक लकव्यानं. बाळासाठी सहा-सात भेटी ठरल्या आहेत. साठीच्या बीपीवाल्यासाठीही तशाच ठरल्या असत्या तर? पण आशाताईंना पगार नाही, थोडं मानधन आणि कामागणिक मोबदला आहे, आणि बाबांची पिशवी तपासल्याचे त्यांना किती मिळाले असतील, ते विचारायची मला लाज वाटली.

नॉर्वेचंही सगळं आलबेल नाही. तरुण डॉक्टर फास्टलेगे व्हायला नाखूश आहेत आणि २०२२ मध्ये लाखाहून अधिक लोकांच्या नावावर डॉक्टर नव्हता. मागच्या आठवड्यात माझ्याही डॉक्टरचं पत्र आलं. ती निवृत्त होतेय, तिची यादी नव्या डॉक्टरकडे जाईल. पत्र हातात घेऊन मी बराच वेळ स्वयंपाकघरात उभी होते.

बाबांना फोनवर सांगितलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चांगली होती बिचारी. नवी डॉक्टरीण सुई देते का, पाय जरा."