फळीच्या आत, फळीच्या बाहेर : ८० पक्ष्यांच्या शेडची दिवाळी ते होळी नोंद

शेड १० बाय २० फूट. गावरान आणि गिरिराज (सुधारित जात) कोंबड्या मिळून ८० पक्षी. ठिकाण नंदुरबार जिल्ह्यातला नवापूर तालुका, रंगावली नदीच्या काठचा पट्टा. देशातला पहिला एच५एन१ बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये इथेच, नवापुरात नोंदला गेला. २०२१ च्या फेब्रुवारीत बर्ड फ्लू पुन्हा आला. दोन्ही वेळा महिना तोच. हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी तलाव-धरणांवर उतरतात आणि गार, ओलसर हवेत विषाणू जास्त दिवस टिकतो. म्हणून पूर्वतयारी दिवाळी उरकली की लगेच धरायची. फार्मात रोग सापडला की ठरलेल्या परिघातले सगळे पक्षी मारावे लागतात, अंगणातल्या ८० कोंबड्यांनाही त्यातून सूट नसते.

शेड रिकामी : पहिले तीन आठवडे

जुनी गादी (शेडच्या जमिनीवरचं अंथरूण) आधी पूर्ण काढली. शेडपासून लांब ढीग रचला, पाणी शिंपून ओलसर केला आणि वर प्लॅस्टिक टाकलं. ढीग आतून तापतो. मधोमध लोखंडी सळई खुपसून ठेवायची आणि रोज ओढून बघायची. हातात धरवत नाही इतकी गरम निघाली तर ढीग काम करतोय. दहा दिवसांनी बाहेरचा भाग आत घालून एकदा पलटवला.

मग कोरडी झाडलोट, त्यानंतर कपडे धुण्याच्या पावडरच्या पाण्याने घासणं, साधं पाणी, पूर्ण वाळवणं आणि सगळ्यात शेवटी जंतुनाशक. हा क्रम मोडला की औषधाचे पैसे वाया जातात, कारण विष्ठेचा पातळ थर जरी राहिला तरी क्लोरीन त्याच्यावरच खर्ची पडतो. बर्ड फ्लू आणि राणीखेत (आपल्याकडची मानमोडी) यांच्या विषाणूंना स्निग्ध आवरण असतं, ते साबणानेही फुटतं. गंबोरो या पिल्लांच्या रोगाच्या विषाणूला असं आवरण नाही, तो रिकाम्या शेडमध्ये महिनोन्महिने तग धरतो. म्हणून घासणं महत्त्वाचं. धुऊन वाळल्यावर शेड १४ दिवस रिकामी ठेवली.

फॉर्मेलिन आणि पोटॅशियम परमँगनेटची धुरी बरेच जण सुचवतात. ती बंद खोलीतच लागू पडते. जाळीच्या उघड्या शेडमध्ये वायू उडून जातो आणि माणसाच्या डोळ्यांना, फुप्फुसांना मात्र इजा करतो. त्यामुळे धुरी वगळली. बांबूच्या मचाणांच्या फटीत दिवसा गोचीड लपतात आणि रात्री कोंबड्यांचं रक्त पितात. त्या फटींवरून गॅसची ज्योत सावकाश फिरवली.

फळी

सगळ्या कामात सर्वांत उपयोगी ठरली ती दाराला आडवी ठोकलेली दीड फूट उंचीची लाकडी फळी. तिच्या बाहेर बाहेरच्या चपला, आत लाल पट्ट्याचे रबरी बूट. माणूस फळीवर बसतो, बाहेरची चप्पल काढतो, पाय उचलून आत फिरवतो आणि पाय थेट बुटात घालतो. अनवाणी पाय बाहेरच्या जमिनीला लागत नाही, आतला बूट कधी बाहेर पडत नाही. फळीच्या आतच साबण, पाण्याची तोटी आणि खुंटीला टांगलेला जुना शर्ट. खर्च फळी आणि बुटांचा, बस.

फळी दाराच्या अगदी चौकटीत ठोकली तर बसायला जागा उरत नाही आणि माणसं ती ओलांडून तशीच पुढे जातात. दारापासून तीन फूट आत घेतल्यावर हे थांबलं. खाद्याचं पोतं आणणाऱ्याने ते फळीबाहेर ठेवायचं, आतल्या माणसाने डब्यात ओतून घ्यायचं. बारदान आत येत नाही, बाजारातून परत आलेले कागदी अंड्यांचे ट्रेही नाहीत.

फुटबाथ

लोकांचा भरवसा यावर जास्त, आणि खरा उपयोग सर्वांत कमी. चिखल लागलेला बूट दोन सेकंद बुडवून काहीच मरत नाही. फुटबाथ ठेवायचाच तर दोन घमेली हवीत. पहिल्यात साधं पाणी आणि नायलॉनचा ब्रश, दुसऱ्यात १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर. तळवा घासून स्वच्छ झाल्यावरच दुसऱ्यात, तेही निदान मिनिटभर. द्रावण रोज बदलायचं आणि सावलीत ठेवायचं. खान्देशी उन्हात क्लोरीन पटकन उडतो. ब्लीचिंग पावडरची पिशवी एकदा उघडली की हवाबंद डब्यात ठेवावी. वासच येत नसेल तर ती पावडर टाकून द्या.

जाळी आणि पाणी

एक इंची जाळीतून कावळा अडतो, चिमणी सहज आत येते. म्हणून अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी, खालून एक फूट जमिनीत गाडलेली. उंदराचं पिल्लू याही जाळीतून शिरतं, त्यामुळे खाद्य झाकणाच्या डब्यात आणि रात्री खाद्यभांडी उचलून ठेवायची. सांडलेला मका उंदराला बोलावतो, उंदरामागे साल्मोनेला हा रोगजंतू येतो.

टाकी २०० लिटरची. २ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर मगभर पाण्यात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळ टाकीत ओतून अर्धा तास थांबायचं. साधारण ३ पीपीएम (लिटरमागे ३ मिलिग्रॅम) क्लोरीन मिळतो. नदी-नाल्याचं पाणी थेट भांड्यात कधीच नको, त्यावर बदकं बसलेली असतात.

गादी आणि रक्ती हगवण

नवापूरकडे भाताचं तूस मुबलक, ते तीन इंच टाकलं. शेंगांची टरफलंही चालतात, पण बुरशीचा वास असेल तर नकोत, पिल्लांच्या फुप्फुसात बुरशी धरते. रक्ती हगवणीच्या परजीवीची अंडकं (विष्ठेतून पडणारी कवचबंद अंडी) ब्लीचने मरत नाहीत, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत ती रोग लावण्याजोगी होतात. तिथे उपाय एकच, कोरडेपणा. मूठभर गादी दाबून बघायची. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, विस्कटला तर ठीक. पाणभांड्याखालचा ओला गोल रोज सकाळी खरवडून काढायचा. थंडीत पडदे पूर्ण लावले की पहाटे अमोनिया डोळ्यांना झोंबतो आणि गादी ओलावते. वरचा फूटभर भाग उघडाच ठेवला.

लस

मानमोडीची लासोटा लस पाण्यातून. त्याच्या दोन दिवस आधीपासून क्लोरीन बंद, नाहीतर तो लसच मारतो. ८० मोठ्या पक्ष्यांना ३ लिटर थंड पाणी, त्यात ८ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर, मग १०० मात्रांची कुपी. दुपारी नव्हे, भल्या पहाटे. आधी दीड तास पाणी तोडलेलं असलं की तासाभरात भांडी रिकामी होतात. भांडी कमी पडली तर दांडगे कोंबडे पितात आणि तलंगा (तरुण कोंबड्या) कोरड्या राहतात. म्हणून नेहमीपेक्षा दुप्पट भांडी मांडली. कुपी घरी आणताना थर्मासमध्ये बर्फ हवा, नुसता ओला रुमाल पुरत नाही.

नवे पक्षी

वेगळा कोंडवाडा, शेडपासून ४० फूट, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. मुक्काम ३० दिवस. दाणापाणी आधी पिल्लांचं, मग मोठ्यांचं, कोंडवाड्याचं सर्वांत शेवटी, आणि तिथले बूट निराळे. शेवटच्या दहा दिवसांत आपले दोन पक्षी तिथे साक्षीला सोडायचे. वरून धडधाकट दिसणारा पक्षी रोग वाहत असेल तर तो या दोघांवर उमटतो.

होळीआधी

सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरले की कोंबड्या पाटीतून गावोगाव फिरतात. विकायला नेलेला आणि न विकता परत आणलेला कोंबडा सर्वांत धोक्याचा. बाजाराला गेलेला पक्षी परत येत नाही, हा नियम घरच्यांनीही पाळायचा.

एकाच दिवशी तीन-चार पक्षी अचानक मेले, तुरे निळे पडले, डोकं सुजलं, तर मेलेला पक्षी पिशवीत घालून दवाखान्यात धावायचं नाही. दार बंद करून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला फोन करायचा, नमुना तेच घेतात. पुढे खात्रीची तपासणी भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत होते. एरवी एखाद-दुसरा मेला तर खोल खड्ड्यात, वर-खाली चुना टाकून पुरायचा. नाल्यात टाकलेला पक्षी कुत्री गावभर नेतात.

पुढचं काम : मचाणाचे बांबू काढून त्याजागी लोखंडी पाइप, फटी कमी आणि गोचिडांना जागा कमी. कोंडवाड्यात सध्या सहा नव्या तलंगा आहेत, आज त्यांचा बारावा दिवस.