डीव्हीडीची तिसरी चकती: केळीची पानं आणि आत्याचा प्लेअर

शॉर्ट फिल्म १८ मिनिटांची, अहिराणी. शूटिंग सगळं चोपडा तालुक्यात, आत्याच्या केळीच्या बागेत. पेन ड्राइव्ह देऊन मोकळा झालो असतो, पण आत्याकडे अजून डब्बा टीव्ही आणि त्याच्यासोबतचा जुना डीव्हीडी प्लेअर. तिथे चालली तरच फिल्म पूर्ण झाली, असं मी धरलंय.

पहिल्या चकतीला हावरटपणा नडला. ४.७ जीबीची चकती, फिल्म एवढीशी, मग कंजुषी कशाला? व्हिडिओचा बिटरेट (दर सेकंदाला किती डेटा) ९००० केबीपीएस, म्हणजे किलोबिट प्रति सेकंद, आवाजाला ४४८. डीव्हीडीची व्हिडिओची मर्यादा ९८००, म्हणजे नियमात बसत होतं. घरच्या लॅपटॉपवर झकास चाललं. आत्याकडे मात्र वारा सुटलेला शॉट आला आणि प्लेअर अडखळायला लागला. फाटलेल्या केळीच्या पानाची प्रत्येक पट्टी वेगळी हलते, तेव्हा एन्कोडर (व्हिडिओ दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर) मिळेल तेवढा बिटरेट ओढतो. घरी बर्न केलेली चकती वाचताना जुन्या लेन्सचा तिथेच दम निघतो.

मग दुसऱ्या टोकाला गेलो. एफएफएमपेग या व्हिडिओ बदलून देणाऱ्या प्रोग्रामच्या पाल-डीव्हीडी टार्गेटमध्ये (पाल म्हणजे आपल्याकडची टीव्ही पद्धत, तिच्या डीव्हीडीसाठीची तयार सेटिंग) ६००० आयतेच मिळतात, ते तसेच ठेवले. अडखळणं थांबलं, पण त्याच शॉटमध्ये पानांच्या जागी हिरवे चौकोन दिसायला लागले.

आता ७००० स्थिर, आवाज एसी-३ मध्ये (डीव्हीडीवर चालणारा आवाजाचा फॉरमॅट) १९२, जीओपी, म्हणजे एका पूर्ण फ्रेमपासून पुढच्या पूर्ण फ्रेमपर्यंतचा गट, १५ ऐवजी १२ फ्रेमचा. सगळं मिळून साधारण ९७० एमबी. टू-पास, म्हणजे व्हिडिओ दोनदा तपासून एन्कोड करणं, केलंच नाही. जागा कमी असते तेव्हा ती वाटून देण्यासाठी टू-पास. इथे पाऊण चकती रिकामीच राहते. बर्निंग १६एक्स वेगाने न करता ४एक्सवर केलं.

खरा वेळ खाल्ला तो ठिबकच्या नळीने. डीव्हीडीच्या ७२० बाय ५७६ पिक्सेलवर आणल्यावर ती काळी आडवी नळी जेमतेम एका ओळीची उरली, आणि डब्बा टीव्ही एका वेळी एकाआड एक ओळीच दाखवतो. नळी नुसती लुकलुकत होती. उभ्या दिशेने अगदी हलका ब्लर दिला तेव्हा शांत झाली. लॅपटॉपवर हे दिसतच नाही, म्हणून दोन चकत्या वाया गेल्या. १६:९ चा फ्लॅग (चित्र रुंद आहे हे प्लेअरला सांगणारी खूण) लावायचा राहिला तर माणसं उंच आणि काडीसारखी होतात. ती चूक निदान या वेळी केली नाही.

टायटलं टीव्हीच्या कडेला कापली गेली ते वेगळंच. आत्या पडद्याजवळ जाऊन म्हणाली, "मन्हं नाव कोठे शे?" आता चारही बाजूंनी दहा-दहा टक्के जागा सोडलीये.

मित्राने मोबाइलवर सेकंदाला ३० फ्रेमने घेतलेले चार शॉट अजून बाकी आहेत. पालच्या २५ वर आणताना सहातली एक फ्रेम गळते आणि पॅनमध्ये, म्हणजे कॅमेरा आडवा फिरतो तिथे, धक्का बसतो. दोन शॉट स्थिर आहेत, तिथे कळत नाही. उरलेले दोन रविवारी बागेत जाऊन पुन्हा घेणार, वारा असला तर.